लग्नसराईतले पेशंट

लग्नसराई सुरू झाली की आमच्या हॉस्पिटलात खाटा कमी पडायच्या. चक्रावलात ना? नोकरी नवी होती तेव्हा मीही चक्रावले होते. मला आपलं वाटलं, उन्हाच्या तडाख्यानं आजार उलटत असतील. एका जुन्या सिस्टरनी बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आजार नाही वाढले. मुहूर्त वाढले."

म्हणजे काय, तर घरात कार्य निघालं की त्या घरातला मानसिक आजाराचा माणूस आमच्याकडे आणून ठेवायचा आणि पाहुणे पांगले की परत न्यायचा. तो बरा आहे की नाही, हे विचारतंय कोण? चारचौघांत दिसायला नको, बस्स. लग्नाआधी फाटकी सतरंजी माळ्यावर टाकतात ना, तसा हाडामांसाचा माणूस टाकायचा.

"तुमच्या सेवाभावी कार्यावर काहीतरी लिहा," असा संपादकांचा फोन आला, तेव्हाच मी त्यांना सांगितलं की सेवाभाव माझ्याकडे मिळणार नाही. मी पगार घेऊन काम केलं आणि राग गिळून केलं. त्या रागावर लिहिते, चालत असेल तर छापा. ते म्हणाले चालेल, म्हणून हा खटाटोप.

नाशकातल्या एका खासगी मानसोपचार रुग्णालयात मी सोशल वर्कर होते. डॉक्टर पेशंटला तपासायचे, मी त्याचं घर तपासायचे. स्किझोफ्रेनियाचा माणूस महिन्यातून एकदा डॉक्टरांसमोर बसतो, तोही जेमतेम चहा निवेल एवढा वेळ. उरलेला सगळा महिना तो घरात असतो. गोळी घेतली का, झोपला का, उगाच हसतोय का, की नुसताच गप्प आहे, हे पाहणारी घरात एकच बाई असते. आई नाहीतर बायको, नाहीतर बहीण. सल्ला द्यायला मात्र अख्खी भावकी. "अमक्या बाबाकडे न्या", "लग्न लावून द्या, सुधारेल", "तुम्हीच लाडावून ठेवलाय." त्या बाईला कोणी म्हणतं का, की जा, दोन दिवस माहेरी जाऊन ये, मी बघतो याच्याकडे? नाव नको. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा घरच्यांची बैठक घ्यायचो. तिथे बायका यायच्या, रडायच्या, भांडायच्या, हसायच्यासुद्धा. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम ते.

या घरांशी माझं इतकं जमायचं, की लग्नाचं आमंत्रण हमखास असायचं. पण माझी ओळख? एका लग्नात मी एलआयसीवाल्या ताई, दुसऱ्यात पाळणाघराच्या बाई, तिसऱ्यात "आमच्या जुन्या शेजारीण". निफाडपासून सुरगाण्यापर्यंत मी पंगतीला बसले असेन, पण माझ्या खऱ्या धंद्यानं एकदाही जेवले नाही. पेशंट लपवायचा तर त्याच्या सोशल वर्करलाही लपवायला हवं, नाही का!

आणि लपवतात कोणाला, तेही बघा. वरातीत डीजेपुढे दारू पिऊन लोळणारा काका चालतो. त्याचे व्हिडिओ काढतात, ग्रुपवर टाकतात, वर "काका जोरात" असं लिहितात. त्याला कोणी दवाखान्यात ठेवलेलं मी पाहिलं नाही. साखर वाढलेली असताना जिलबीवर जिलबी चेपणारे आजोबा चालतात. मात्र वर्षानुवर्षं वेळेवर गोळी घेणारा, खाली मान घालून वाढप करणारा माणूस चालत नाही. संताप होणार नाही तर काय होईल?

मी डॉक्टरांशी यावरून कडाकडा भांडायचे. "सर, बऱ्या माणसाला खाट कशाला देता? हे हॉस्पिटल आहे की सामान ठेवायची खोली?"

ते शांतपणे म्हणायचे, "मॅडम, सटाण्याचा मुलगा आठवतो ना?"

आठवायचा ना. सटाण्याकडच्या एका घराला मी असंच ठणकावून परत पाठवलं होतं, की तुमचा मुलगा ठणठणीत आहे, घरीच ठेवा. बहिणीला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी त्यांनी त्याला कांदे साठवायच्या चाळीत कोंडलं. भर मे महिन्यात. मी गेले तेव्हा बाप हात जोडून म्हणाला, "ताई, पोऱ्या बरा शे, पन पाव्हनासले काय सांगू?" काय सांगू म्हणे! त्या माणसावर ओरडावं तर त्याचेच डोळे भरलेले. राग काढायचा तरी कोणावर?

म्हणून खाट द्यावी लागायची. पण डॉक्टरांनी आणि मी एक नियम घालून घेतला होता. माणूस बरा असेल तर त्याला घरच्यांच्या सहीनं दाखल करायचं नाही. तो स्वतः हो म्हणाला आणि त्यानं स्वतः सही केली तरच. मानसिक आरोग्याच्या नव्या कायद्यानं अशा माणसाला एक हक्क दिलाय. जो स्वतःहून येतो, तो स्वतःहून जाऊ शकतो. घरचे विचारायचे, "कोणाची का सही असेना, काय फरक पडतो?" मी म्हणायचे, काही नाही, आपली पद्धत आहे.

आता त्या लग्नाचं सांगते.

आमच्या बैठकीला सायखेड्याहून सुमनबाई यायच्या. त्यांचा मोठा भाऊ अशोक, ज्याला आम्ही सगळेच मामा म्हणायचो, तरुणपणी आजारी पडला. कानात आवाज यायचे, लोक आपल्यावर टपलेत असं वाटायचं. आईवडील गेल्यावर त्याला कोणी ठेवून घेईना, तेव्हा सुमनबाई त्याला स्वतःच्या सासरी घेऊन आल्या. सासरी भाऊ आणून ठेवणं सोपं नसतं. एकदा बैठकीत त्या म्हणाल्या होत्या, "मला कुठं माहेराला जायचंय? माहेरच माझ्या घरात राह्यलंय." महिन्याचं इंजेक्शन, गोळ्या, नवऱ्याची बोलणी, जावांचे टोमणे, सगळं त्या बाईनं निभावलं. मामा चांगला सावरला. द्राक्षबागेत छाटणी, बांधणी, पाणी, सगळं करायचा. "अजून आवाज येतात का?" असं विचारलं की म्हणायचा, "येतो एखादा. तो त्याचं बडबडतो, मी माझं काम करतो."

सुमनबाईंची मुलगी पूनम. तिला शाळेत सायकलवर नेलं ते मामानं, बीएडच्या परीक्षेला केंद्रावर घेऊन गेला तोही मामाच. तिचं लग्न नाशकातल्या निखिलशी ठरलं. आणि सुमनबाई, माझ्या बैठकीतल्या सगळ्यात खमक्या सुमनबाई, मामाला घेऊन दारात उभ्या.

"ताई, आठ दिवस ठेवून घ्या."

"अहो, पण नवरीच्या मागे उभं राहायला मामा लागतो ना?"

"माझा चुलतभाऊ उभा राहील." त्या माझ्याकडे बघेनात. "मध्यस्थ म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. सोयरे शहरातले हायेत. रक्तातच हाय म्हणले तर पोरीचं काय? पूनमला सांगितलंय, मामाला गर्दीचा त्रास होतो, तो स्वतःच येत नाय म्हणला."

"आणि मामा? तुम्हाला चालेल?"

मामानं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "माझ्यापायी पोरीचं मोडायला नको, ताई. द्या पेन." त्यानं सही केली. सुमनबाई बाहेर जाऊन नळाखाली तोंड धूत राहिल्या.

त्याच आठवड्यात पंचवटीतून लताबाई आल्या. त्यांची मुलगी संगीता आमची जुनी पेशंट. मन कधी भलतंच चढायचं, कधी खोल पडायचं, तो आजार. गोळ्यांवर ती उत्तम होती, ब्लाउज शिवायची, गिऱ्हाइकांची रांग असायची. तिचं लग्न झालं होतं. सासरच्यांना पर्समध्ये गोळ्या सापडल्या आणि त्यांनी तिला परत आणून सोडलं. त्या दिवसापासून लताबाईंनी धसका घेतला होता. आमच्या बैठकीला त्या कधी आल्या नाहीत, कोणी ओळखीचं भेटेल म्हणून.

"धाकट्याचं लग्न आहे हो," त्या कुजबुजल्या. "सायखेड्याची मुलगी केली, बीएड झालेली. आडगावच्या पुढच्या लॉन्सवर आहे. तेवढं होईपर्यंत हिला ठेवून घ्या."

मी पेन खाली ठेवलं. पाणी प्यायले. पुन्हा पाणी प्यायले.

तुम्ही म्हणाल, असा योगायोग कुठे असतो का! अहो, योगायोग कसला? घरोघरी मातीच्याच चुली. एक घर दुसऱ्यापासून लपवत होतं, दुसरं पहिल्यापासून, आणि दोघांची झाकलेली मूठ माझ्या वॉर्डात! आणि मला बोलायची सोय नाही. पेशंटचं गुपित फोडायचं नाही, ही आमच्या धंद्याची पहिली अट. दोन्ही बायकांना समोरासमोर बसवून खडसवावं अशी हुक्की येत होती. पण जीभ चावून गप्प बसले. एवढंच केलं, की नियमाप्रमाणे दोघांनाही हक्क वाचून दाखवला. जरा सावकाश वाचला, मोठ्यानं वाचला. "तुम्ही स्वतःहून आलात. मनात येईल तेव्हा स्वतःहून जाऊ शकता." संगीतानं विचारलं, "लग्नाच्या दिवशीसुद्धा?" मी म्हटलं, "कायद्यात लग्नाचा दिवस वगळलेला नाही."

पुरुषांचा वॉर्ड वेगळा, बायकांचा वेगळा, पण दुपारी सगळे हॉलमध्ये कागदी पिशव्या करायला बसायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिथेच होते. मामा पिशवीला खळ लावता लावता म्हणाला, "उद्या माझ्या भाचीचं लग्न हाय."

"आमच्याही घरी उद्याच आहे, भावाचं," संगीता म्हणाली. "कुठली हो तुमची भाची?"

"सायखेड्याची. पूनम."

संगीताच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "नवऱ्याचं नाव निखिल?"

मामानं मान डोलावली. मग दोघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"ताई, तुम्हाला ठाऊक होतं?" संगीतानं विचारलं.

"मला काही ठाऊक नाही. आणि असलं तरी मला बोलता येत नाही."

संगीता अशी हसली, अशी हसली, की सिस्टर धावत आल्या. मामासुद्धा हसला. मग तिचं हसू एकदम थांबलं आणि ती म्हणाली, "मग लपवलं कोणापासून, मामा?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. तुम्हाला मिळालं तर कळवा.

"जाऊ या," संगीता म्हणाली.

मामाचा चेहरा पडला. "आन् मी गेल्यामुळं पोरीचं मोडलं तर?"

"मोडणार कोण? माझी आई? तिनं काय म्हणून मोडायचं?"

मामा माझ्याकडे वळला. "ताई, जाऊ का?" मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त घरी फोन करून जा, कार्यात कोणाला धक्का नको. आणि दुसऱ्याचं गुपित फोनवर सांगू नका, ज्याचं त्यानं सांगायचं.

मामानं फोन लावला. "सुमे, मी उद्या येतोय." पलीकडून सुमनबाईंचा आवाज आला, फोन स्पीकरवर होता. "ये दादा. पण मागं बस. कोणी विचारलं तर मळ्यातला गडी हाय म्हण."

"बरं," मामा म्हणाला.

बरं म्हणाला हो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं आयुष्यभर या भावासाठी जग अंगावर घेतलं, त्या बाईच्या तोंडून हे वाक्य वदवून घेणारी ही कसली सोयरीक, कसली इज्जत? सुमनबाईंवर चिडावं की त्यांच्यासाठी रडावं, मला कळेना.

संगीताच्या आईनं "आलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील" म्हणून फोन आपटला. संगीता म्हणाली, "हे ती दर दिवाळीला म्हणते."

सकाळी डॉक्टरांनी दोघांना तपासलं, डिस्चार्ज दिला आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आमंत्रण आहे ना? मग रिक्षा एकच करा." मला तर दोन्हीकडून आमंत्रण होतं. मुलीकडच्यांसाठी मी पूनमच्या कॉलेजच्या मॅडम, मुलाकडच्यांसाठी संगीताच्या शिवणक्लासच्या बाई. दारात दोन्ही बाजूंचे लोक अत्तर लावत होते, मी मान डोलावत आत शिरले.

मामा सांगितल्याप्रमाणे शेवटच्या रांगेत, कूलरच्या मागे जाऊन बसला. नवा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून. संगीता मात्र बसली नाही. ती सरळ नवरीच्या खोलीकडे गेली आणि मी तिच्यामागे धावले. दारात सुमनबाई होत्या, आत पूनम मुंडावळ्या बांधून तयार.

"मी निखिलची मोठी बहीण," संगीता म्हणाली. "करवली मीच, पण मला हॉस्पिटलात ठेवलं होतं. मानसिक आजार आहे मला, रोज गोळ्या घेते. तुमचे अशोकमामा तिथंच भेटले. एका रिक्षानं आलो आम्ही. आता सांगा, मामा कुठं बसवायचे?"

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केले. मी एक अक्षर बोललेले नव्हते. तेवढ्यात लताबाई शालूचा पदर सावरत धापा टाकत आल्या. "विहीणबाई, हिचं मनावर घेऊ नका हो, ही जरा..."

"जरा काय?" सुमनबाईंचा आवाज चढला. बैठकीतल्या सुमनबाई परत आल्या एकदाच्या! "अहो, माझा सख्खा भाऊ मी गडी म्हणून मागं बसवलाय. तुमच्या भीतीनं!"

"आणि मी पोटची मुलगी ठेवून आले," लताबाई म्हणाल्या, "तुमच्या भीतीनं."

बाहेर माइकवर गुरुजींनी पुकारा केला, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." चुलतभाऊ फेटा नीट करत पुढे आला. सुमनबाईंनी त्याच्या डोक्यावरचा फेटा काढून घेतला आणि भर मांडवातून कूलरपर्यंत चालत गेल्या. भावाच्या डोक्यावर फेटा ठेवला आणि हाताला धरून आणलं.

दारातलं सगळं ऐकलेली पूनम आईकडे बघत त्याला म्हणाली, "मामा, तू तर येणार नव्हतास ना? गर्दीचा त्रास होतो ना तुला?"

मामा बहिणीकडे न बघता म्हणाला, "होतो थोडा. चल, गुरुजी खोळंबलेत."

मंगलाष्टकं झाली. नवरीच्या मागे मामा ताठ उभा, नवऱ्याच्या मागे संगीता दिवा घेऊन. काही आकाश कोसळलं नाही. अक्षता पडल्या, फोटो निघाले, लोक जेवणाकडे धावले. एवढ्यासाठी दोन माणसं डांबली होती!

पंगतीत मी दोन्ही विहिणींच्या मध्ये बसले. समोरच्या एका म्हातारबुवांनी विचारलं, "या कोण?"

"पूनमच्या कॉलेजच्या मॅडम," सुमनबाई म्हणाल्या.

"शिवणक्लासच्या बाई," लताबाई म्हणाल्या. त्याच दमात!

सवय हो, सवय. इतकं होऊनसुद्धा! माझा घास हातातच राहिला. जिलबी वाढत मामा समोरून येत होता. तो थांबला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नाय ओ बाबा. या आमच्या ताई. डोक्याच्या दवाखान्यातल्या. मी तिथला पेशंट हाय." आणि माझ्या पानात जिलबी वाढून पुढे गेला.

कोणी कढी भुरकेना. सुमनबाईंनी टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

माझ्या मागच्या खुर्चीवर एक अनोळखी बाई बसल्या होत्या. भारी पैठणी, अंगभर दागिने, कोणाकडच्या होत्या ते मला आजही माहीत नाही. त्या मागे वळल्या, तोंडासमोर पदर धरला आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "ताई, तुमचा नंबर द्याल का? आमच्या धाकट्या दिरांना... घरीच कुलूप लावून आलोय..."

"ऐकू येत नाही मला," मी म्हटलं. "मोठ्यानं बोला."

त्यांनी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. सुमनबाईंनी माझा हात सोडला, त्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बोला बाई, मोठ्यानं बोला. हितं आता आपलेच लोक हायेत."

त्या बाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.